चुकलेल्या वेलांट्या

“काका पाणा पाते,” शिवांजलीनं वाचलं आणि हळूच मॅडमकडं बघितलं.

तक्त्यावर ‘काकी पाणी पिते’ असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. उझमा मॅडमनी मोबाइलवरचं रेकॉर्डिंग थांबवलं आणि कपाळाला हात लावला. दुसरीतली पोर. परवा तिचे सगळे उकार चुकले होते, काल मात्रा चुकल्या, आज वेलांट्यांवर संक्रांत आली होती. गंमत अशी, की आदल्या दिवशी चुकलेलं दुसऱ्या दिवशी बिनचूक यायचं आणि नवंच काहीतरी बिघडायचं. एक सांधावं तर तेरा तुटावीत, अशी गत.

सराववर्गात आता ती एकटीच उरली होती. बाकीची आठ लेकरं काना-मात्रा पक्क्या करून केव्हाच मोकळी झाली होती. उद्या वाचनाची पडताळणी. तीत शिवांजली अडली, तर पुढचं वर्षभर तिला पहिलीच्या पोरांत बसून हेच गिरवावं लागणार होतं. मॅडमना ते सहन होण्यासारखं नव्हतं, कारण पोरगी ढ नाही हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. मागच्या आठवडी बाजाराला ती भूममध्ये आजीचं बोट धरून एका दुकानासमोर उभी होती आणि पाटी वाचून दाखवत होती, “कीटकनाशके व बी-बियाणे मिळतील.” दाढीमिशांचे बाप्ये जिथं अडखळतात तो शब्द पोरीनं एका दमात म्हटला होता.

“बाजारातली पाटी वाचता येते आणि शाळेतलं पाणी वाचता येत नाही?” मॅडमनी विचारलं.

शिवांजली पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली. मग तिनं उलटं विचारलं, “आईला पाठवलं का?”

सरावाचं रेकॉर्डिंग आई-बापाला पाठवायचं, ही मॅडमचीच कल्पना. शिवांजलीचे आई-बाप दसरा होताच ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले. आजीकडं फोन नव्हता. आई, सोनाली, सातवी शिकलेली होती. दिवसभर ऊस तोडून ती कोपीत, पाचटाच्या झोपडीत, परतली, की लेकीचं वाचन ऐकायची आणि बोलून उत्तर पाठवायची. सकाळी मॅडम तो मोबाइल शिवांजलीच्या कानाला लावून द्यायच्या आणि हजेरीकडं वळायच्या. ती उत्तरं त्यांनी स्वतः कधी ऐकली नव्हती.

आज त्यांनी कालचं उत्तर लावलं.

“अगं, मैना म्हण. मैऽऽना. माझ्यासंग म्हण, मैऽऽना. आजीनं येणी घातली का? बरं, आता केळं म्हण बाळा, केऽऽळं. जेवलीस का गं?” मागून कुणी बाई ओरडत होती, ‘सोनाली, भाकर करपली!’ पण सोनाली एकेक अक्षर लांबवत होती. पुरी चार मिनिटं.

मॅडम जुन्या उत्तरांत मागं मागं जात एका दिवसावर आल्या. महिन्यापूर्वी एकदाच शिवांजलीनं बिनचूक वाचलं होतं. त्याचं उत्तर होतं, “शाबास गं माझी बाय.” तीन सेकंदांत संपलं.

मॅडमनी मोबाइल खाली ठेवला. “तू मुद्दाम चुकतेस?”

“बरोबर वाचलं की आई नुसतं शाबास म्हणती,” शिवांजली म्हणाली. “चुकलं की लई येळ बोलती.”

आता रागवायचं तरी कुणाला? मॅडमचं माहेर धाराशिवला, दीड तासाच्या वाटेवर. तिथून अम्मीचा फोन आला, की ‘कामात आहे’ म्हणून त्या ठेवून देत. आज त्यांना त्याची लाज वाटली. त्यांनी शिवांजलीला जवळ ओढलं.

“उद्या पडताळणी आहे, बाळा. आज खरं वाच. तुझी आई तिकडं डोक्यावर मोळ्या वाहते, ती काय तू मागं राहावंस म्हणून?”

“मग ती बोलणार न्हाय.”

“बोलेल,” मॅडम म्हणाल्या. आपण लेकराशी खोटं बोलतोय, असं त्यांना वाटत होतं.

शिवांजलीनं तक्ता वाचायला घेतला. काकी पाणी पिते, मीना गाणी गाते, मैना केळं खाते. एकही वेलांटी सुटली नाही, एकही मात्रा हुकली नाही. शेवटच्या ओळीला तिचा आवाज कापला, पण शब्द चुकला नाही. मॅडमनी ते पाठवून दिलं आणि तिचे डोळे आपल्या ओढणीनं पुसले.

सकाळी उत्तर आलेलं होतं. एवढंसं, सोळा सेकंदांचं. ते लावायला मॅडमचं बोट धजेना. शिवांजली मात्र घंटा व्हायच्या आधीच येऊन उभी होती. आज तिनं मोबाइल कानाला लावून घेतला नाही. “तुमी बी ऐका,” ती म्हणाली.

“शाबास गं माझी बाय,” सोनालीचा आवाज आला आणि थांबला. शिवांजलीनं मान खाली घातली.

मोबाइल चालूच होता. पलीकडं सगळं निवांत होतं, इतकं की चुलीतल्या काटक्यांची तडतड ऐकू येत होती. कुणीतरी नाक ओढलं. मग सोनाली म्हणाली,

“पर ट्रॅक्टरच्या आवाजात मला काय नीट ऐकूच आलं न्हाय बघ. पहिल्यापासनं परत वाच.”