कमरेएवढं कुंपण

घराची वाटणी झाली तेव्हा अंगणात भिंत घालायला थोरल्याचं मन धजेना. त्याने मधोमध बॉक्सवुडच्या झुडपांची रांग लावली. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं तुटलं, ते कायमचं.

कुंपण कमरेएवढं झालं, तसा धाकट्याच्या जिवाला घोर लागला. थोरला बाहेर पडला, की तो गुपचूप कात्रीने शेंडे उतरवायचा. लहानपणी दादाचं शेपूट म्हणून मिरवलेल्या त्याला, पलीकडे पायरीवर पेपर वाचणारा दादा दिसल्याशिवाय सकाळचा चहा गोड लागत नसे.

गेल्या वर्षी थोरला गेला. ज्याला बघायचं तोच पलीकडे उरला नाही, म्हणून धाकट्याने कात्रीला हात लावला नाही. कुंपण वीतभर वर चढलं.

"भावजी, यंदा छाटणी नाही?" एका सकाळी वहिनीने पलीकडून विचारलं.

धाकटा ओशाळला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला दोघांचंही ठाऊक होतं. तुम्ही कामावर गेलात, की हेसुद्धा शेंडे छाटायचे." वहिनी घराकडे वळली. "थांबा, यांची कात्री आणते. या बाजूने मी घेते."