ठोक्याच्या आधी

या फंक बँडचे कार्यक्रम मी बावीस वर्षं ऐकतेय. नवरा शेजारी असायचा, माझ्या हौसेखातर. त्याची टाळी मात्र कायम ठोक्याच्या आधीच पडायची. सगळं सभागृह एकीकडे, आमचा शहाणा दुसरीकडे. ओशाळून मी त्याचं मनगट धरायचे. तो हसायचा, सोडवून घ्यायचा, पुन्हा चुकायचा. त्याला जाऊन तीन महिने झाले. बहिणीने आज बळेच तिकीट हातात कोंबलं. बेस गिटार घुमली, खुर्ची थरथरली, लोक नाचायला उठले. मी पोस्टाच्या रांगेत असल्यासारखी उभी राहिले. आवडतं गाणं आलं, गेलं; आत काही हललं नाही. मग शेजारच्या मुलीने खांद्याला हात लावला. "काकू, टाळी चुकतेय तुमची." मी खाली बघितलं. हात आपसूक टाळ्या वाजवत होते, नेमक्या ठोक्याच्या आधी. "असू दे गं," मी म्हटलं, "आमच्या घरी अशीच पडते."