रणमाळावरचा पहिला प्लॉट

ग्रामपंचायतीनं रणमाळावर वाढीव गावठाणाच्या खुंट्या ठोकल्या होत्या. तीनशे वर्षांपूर्वी तिथं लढाईत माणसं पडली, म्हणून तो माळ कुणी कधी नांगरला नव्हता. अजूनही बायका चपला हातात घेऊनच तो ओलांडत. “पहिला प्लॉट विजयमालाचा,” सरपंच म्हणाले. “नवरा एकाहत्तरच्या लढाईत गेला तिचा. गावानं येवढं तरी कराय पायजे.” जमलेल्यांनी माना डोलावल्या. विजयमाला कडेला चपला काढून माळात शिरली. आपल्या नावाची खुंटी उपटून तिनं सरपंचांच्या हातात दिली. “आबा, गावठाण दुसरीकडं न्या.” “आगं, छप्पर गळतंय तुजं. घर नगं व्हय?” “पायजे की.” अनवाणी पायानं तिनं खुंटीचं भोक बुजवलं. “त्येंची माती तिकडं शीमेपल्याडच झाली. गव्हाच्या रानात पडलं, आसं पत्रात लिवलं व्हतं. आबा, तिकडच्या बाया त्या रानातनं जाताना चपला काढत आसतील का वो?”