दोनदा सांधलेली

लातुरात जुन्या पोलादी रेसिंग सायकलींचा भाव ठरवावा तो अयोध्यानंच. आज तिचे शाळेतले खेळाचे सर आपली सायकल घेऊन आले होते. “पुण्याचं गिऱ्हाईक सारखं फोन करायलंय, पोरी. लवकर भाव सांग,” म्हणत ते दुकानात येरझाऱ्या घालू लागले. याच सायकलीवरून सोळाव्या वर्षी ती नांदेडच्या शर्यतीत पडली होती. पोरगी उतारावर घाबरली, असं बापासकट सगळे म्हणाले. तिनंही तेच खरं मानून शर्यती सोडल्या. तिनं हँडलखालचा रंग खरवडला. खालची नळी दोनदा सांधलेली दिसली. “सर, हे कधी सांधलं?” सर जागीच थांबले. “एकदा शर्यतीच्या आदल्या दिवशी. एकदा तू पडल्यावर.” “म्हणजे मी घाबरले न्हवते?” “न्हाई. तू लई पुढं होतीस.” “हिला भंगाराचाच भाव येईल,” ती शटर ओढत म्हणाली. “चला, माझ्या बापाला सांगा.”