अकरा नंबरची खाट

"तू तं गेलती ना वं बाई?"

खाटांखालचा केर काढता काढता गुलाब आया थबकली. अकरा नंबरच्या खाटेवर भागीरथा बसली होती. अंगानं अवाढव्य, धापा टाकत.

"ते माही मोठी बहीन, धुरपता. मी लहानी."

"पयले तिचंबी हेच अंग. बसनंबी तसंच," गुलाब पुटपुटली आणि केर तसाच टाकून निघून गेली. समोरच्या खाटेवरच्या म्हातारीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

एक्क्याऐंशी सालचा माघ. ऊन वॉर्डात आलं होतं, तरी भागीरथाच्या पायांना ऊब येत नव्हती. खाटेची जाळी मधोमध खोल गेली होती. काल ती आडवी झाली तेव्हा त्या खळग्यात तिचं अंग नेमकं बसलं होतं, जसं कुणी आधीच माप घेऊन ठेवलं होतं.

धुरपताचंही असंच झालं होतं. वजनानं गुडघे गेले, कापसाची वेचणी सुटली, दम पुरेना. याच दवाखान्यात तिचं आतडं कापून आखूड केलं, खाल्लेलं अंगी लागू नये म्हणून. मग काहीच अंगी लागेना. वर्षभरात ती चिपाडासारखी झाली आणि याच खाटेवर गेली. दुसरा उपायच नाही, असं त्यांच्या गावात, समुद्रपुरात सारे म्हणत. आज दहा वाजता भागीरथाची पाळी होती. बाहेर लिंबाखाली तिचा नवरा तानबा दोन्ही पोरींना घेऊन बसला होता.

डॉक्टर आले. खाटेशी उभे राहिले. "तयार ना, बाई?"

भागीरथानं हात जोडले. खिडकीतून धाकटीचं रडणं ऐकू आलं, आणि जन्मात कधी निघाला नव्हता तो शब्द तोंडातून निघाला.

"डाक्टरसाहेब, कापाच्या आधी काही गोळी-औषध नसते का? माह्या बहिनीले कोनं सांगतलंच नाई."

डॉक्टर म्हणाले, "गोळ्या आहेत. सहा महिने घ्यायच्या, खाणं सांभाळायचं. वजन नाहीच उतरलं, तर मग कापायचं. हे सगळं मी तुमच्या बहिणीला सांगितलं होतं. हात जोडून, डोळे मिटून ऐकलं त्यांनी. गोळ्या की कापायचं विचारलं, तर म्हणाल्या, तुम्ही म्हणाल तसं. मग मी कापलं."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"काल संध्याकाळी अर्धा तास मी तुमच्याशी दुसरं काय बोलत होतो? तुम्हीही तेच म्हणालात."

डॉक्टरांचा तो गोड, भरदार आवाज भागीरथाला आठवला. तो ऐकताना डोळे पाणावले होते, तेही आठवलं. शब्द मात्र एकही आठवेना. बापानं दोघी बहिणींना मांडीवर घेऊन कीर्तनं ऐकवली होती. उभा राहून बोलतो तो महाराज. बसलेल्यानं हात जोडून ऐकावं, मध्ये शब्द काढला की कथा मोडते, पाप लागतं. धुरपतानं ती रीत शेवटपर्यंत मोडली नव्हती.

भागीरथानं जोडलेले हात सोडले. भिंतीला धरून, कण्हत, ती खळग्यातून उठली आणि डॉक्टरांसमोर उभी राहिली.

"बसा, डाक्टरसाहेब," तिनं खाटेकडे बोट केलं. "आता तुमी बसा, अन पयल्यापासून सांगा. मी मधी मधी टोकीन."