हिरणीची नस

हिरणी घोडीच्या पुढच्या डाव्या पायाची मागची, स्नायूला हाडाशी बांधणारी नस गुडघ्याखाली चार बोटांवर धनुष्यासारखी बाहेर आली होती. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर रेवणसिद्ध यांनी टेप लावून पाहिला. महिन्यापूर्वीपेक्षा सूज अर्ध्या सेंटिमीटरनं जास्त होती.

घोडी तीन पायांवर भार देऊन शांत उभी होती. पलीकडे पीरसाब नालबंदानं भट्टीत सळई घातली होती. नसेवर डाग दिला की घोडं पुन्हा पळतं, हे त्याच्या आजापासून चालत आलं होतं. इसूफ टांगेवाला मात्र तीनदा सळई तापवायला सांगून तीनदा माघारी गेला होता. दर वेळी सूज जरा उतरली, की तो हिरणीला जुंपायचा, आणि नस पुन्हा दुखावायची. टेंभुर्णीच्या मेव्हण्यानं टायरच्या दुकानात कामाला बोलावून दोन वर्षं झाली होती. त्यालाही त्यानं अजून हो म्हटलं नव्हतं, की नाही.

आज त्यानं पुन्हा त्या नव्या सुईचं विचारलं. डॉक्टरांनी मासिकात वाचलं होतं, की परदेशात कोंबड्याच्या तुऱ्यातून एक बुळबुळीत द्रव काढतात आणि शर्यतीच्या घोड्यांच्या सांध्यात टोचतात. नसेवर तो कितपत चालेल, याची त्यांना खात्री नव्हती.

"तुरे तर मंगळवारच्या बाजारात ढिगानं पडत्यात की," पीरसाब म्हणाला.

डॉक्टर हसले. ते औषध इथं यायला बरीच वर्षं लागतील, म्हणाले.

"आन् आलं तर?" इसूफनं विचारलं. "सुई दिल्यावर किती दिवसांत पळंल?"

"तरी वर्षभर जुंपायची नाही."

"मग चाचाच्या डागानं घोडी कशी बरी होत्यात?"

डॉक्टरांनी टेप गुंडाळून खिशात ठेवला. "डागाची जखम भरेपर्यंत कुणी जुंपत नाही, म्हणून."

पीरसाबनं मान वर केली. सळई लाल झाली होती. ती चिमट्यात धरून तो इसूफकडं बघत राहिला.

इसूफनं खाली बसून नसेवर तळहात ठेवला. हिरणीनं पाय मागं घेतला नाही.

"ऱ्हाऊ द्या, चाचा," तो म्हणाला. "टांगा मोडतो मी. टेंभुर्णीला जातो. हिरणीला संगं ट्रकमधनं न्यायची."