किरमिजी इंजिन

“थांब, दोरी मी सोडतो,” घड्याळजी म्हणाले आणि जुन्या धोतराच्या फडक्याला हात पुसत पुढे झाले.

तिने खोका काउंटरवर सरकवला. दुकान एवढंसं होतं की दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्याने रस्त्यावरूनच बोलावं. भिंतीवर घड्याळंच घड्याळं, आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं. मागच्या कपाटात मात्र ओळीने खेळण्यातल्या आगगाड्या उभ्या होत्या.

ती दातांच्या डॉक्टरांची धाकटी मुलगी. डॉक्टरांना जाऊन तीन महिने झाले होते. विजेवर चालणाऱ्या जुन्या आगगाड्या जमवायचं त्यांना वेड होतं. जोडाजोडी नको, रंगवारंगवी नको. खोक्यातून काढायची, रुळांवर ठेवायची, बटण दाबलं की निघाली, अशा तयार गाड्या. दवाखान्यात रोग्याच्या खुर्चीच्या वर, छताखालच्या फळीवर एक गाडी गोल गोल फिरत असायची. रडणारी मुलं वर बघताना आपोआप आ करायची आणि डॉक्टर तेवढ्यात आपलं काम उरकून घ्यायचे.

लोकांच्या तोंडात बिनधास्त हात घालणारा हा माणूस इंजिनात हात घालायला मात्र घाबरायचा. त्यामुळे गाड्यांची सगळी दुखणी तीस वर्षं या दुकानात येत होती. दोघांची मैत्रीही तिथलीच.

घड्याळजींनी कागद बाजूला केला. आत डॉक्टरांचं किरमिजी इंजिन होतं. कारखान्याने हा रंग पहिल्या खेपेपुरता वापरला आणि पुढे सगळी इंजिनं हिरवी काढली. त्यामुळे किरमिजी इंजिन नुसतं पाहायला मिळालं तरी जमवणारे लोक महिनाभर त्याच्याच गप्पा मारत.

“दादा म्हणतो विकून टाकू,” ती म्हणाली. “मी म्हटलं, आधी नीट कळू दे तरी. काका, हे अस्सल आहे ना?”

घड्याळजींनी इंजिन उचललं, एकदा उलटं केलं, सुलटं केलं आणि खाली ठेवलं. डोळ्याला लावायचं भिंग शेजारीच पडलं होतं. त्याला त्यांनी हात लावला नाही.

“बाळ, वाईट वाटून घेऊ नकोस. हे अस्सल नाही.”

ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

“हे मूळचं हिरवं,” ते सावकाश म्हणाले. “तो रंग पार खरवडून काढलाय आणि वर किरमिजी चढवलाय. कडेच्या सोनेरी रेघा बघ. हातानं मारल्यात, पण कुठे हललेल्या नाहीत. ज्यानं केलंय त्यानं जीव ओतून केलंय हो.”

“मला तर काहीच फरक दिसत नाही.”

“तुला नाही दिसायचा. त्याला नजर असावी लागते.”

“बाबांनाही कळलं नसेल?”

“डॉक्टर भोळे गं. घेतानाच फसले असणार. मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.”

“मग तुम्ही त्यांना कधी सांगितलं नाहीत?”

“मित्राच्या आनंदावर कशाला पाणी ओतायचं?”

तिने इंजिन आपल्याकडे वळवलं. मग म्हणाली, “एकदा ते तुमच्याकडे दुरुस्तीला आलं होतं, नाही का? मी शाळेत होते तेव्हा.”

“आलं होतं. पंधरा दिवस ठेवून घेतलं मी. वळणावर कुरकुरायचं.”

“त्यानंतर कधी कुरकुरलं नाही. बाबा सगळ्यांना सांगायचे.”

घड्याळजी हसले. मागे वळून त्यांनी कपाट उघडलं आणि एक संच काढून तिच्यासमोर मांडला. हिरवं इंजिन, चार डबे, सिग्नल, रूळ, सगळं मूळच्या खोक्यात, कोपरासुद्धा न दुमडलेला.

“हे ने तुझ्या मुलीला. ते खोटं राहू दे इथेच.”

“खोट्याच्या बदल्यात एवढं सगळं?”

“डॉक्टरांची आठवण राहील माझ्याकडे. आणि दुसरीकडे कुठे दाखवत बसू नकोस. लोक उगाच डॉक्टरांना हसतील.”

संच खरोखरच सुंदर होता. लेक हे बघून घरभर नाचली असती. तिने डब्याच्या खिडकीवरून बोट फिरवलं. याच माणसाने तिला पहिलं मनगटी घड्याळ बांधलं होतं, चावी किती फिरवायची ते हात धरून शिकवलं होतं. बाबांच्या शेवटच्या आजारात हॉस्पिटलमध्ये रोज संध्याकाळी येऊन बसणारेही हेच. घरून निघताना तिने मनोमन एकच इच्छा धरली होती, की काकांनी भिंग लावावं, नीट पाहावं आणि “अस्सल आहे” म्हणावं.

तिने संच हळूच मागे सरकवला आणि किरमिजी इंजिन पुन्हा कागदात गुंडाळायला घेतलं.

“का गं? नको?” घड्याळजींनी विचारलं.

“काका, तुमच्या आधी मी हे पाच जाणकारांकडे नेलं होतं. दोघांनी तर मोटर बाहेर काढून तपासली. पाचही जणांनी अस्सल म्हणून सांगितलं.”

“त्यांना काय कळतंय!” घड्याळजी एकदम म्हणाले. “मग माझ्याकडे कशाला आलीस?”

तिने दोरीची गाठ मारली. 

“बाबांनी शेवटच्या आठवड्यात सांगून ठेवलं होतं,” ती म्हणाली. “‘सगळे अस्सलच म्हणतील. जो खोटं म्हणेल, त्याच्याकडे माझं खरं इंजिन आहे.’”